भिंतीवरचं नाव

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. त्यामुळं धाराशिवहून सहलीची बस निघाली, तेव्हा जैसलमेरच्या हवेल्यांबद्दल सगळं वाचूनच मी चढलो. शेजारी ढोकीकडचे एक म्हातारे होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिथं पोचल्यावर सगळे नक्षीदार सज्जे बघत माना वर करून चालायचे. हे मात्र साध्या भिंतींना तळहात लावत मागं राहायचे.

किल्ल्यातल्या एका घराच्या भिंतीवर रंगानं गणपती काढला होता आणि खाली नवरानवरीची नावं. म्हातारे तिथंच थांबले.

"आमच्याकडं बी लग्नात आसंच लिहित्यात. हे पुसत्यात कवा? इचारा की त्याला."

मी गाईडला विचारलं. तो म्हणाला, "मिटाता कोई नहीं, बाबा. धूप ले जाती है."

म्हाताऱ्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"माझी पोरगी लग्नाच्या वर्सातच वारली. तिचं नाव बघवंना, म्हणून दाराम्होरच्या भिंतीवर चुना मारला. पण पावसात भिंत भिजली की नाव पुन्यांदा दिसतं. आमची मंडळी मग परसदारानं ये-जा करती. दर साली मारतोय चुना."

हवेल्यांची माहिती सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

बसमध्ये त्यांनी घरी फोन लावला. "आगं, औंदा चुना नगं. ऱ्हाऊ दे तिला."

पलीकडून कुणी बोलत नसावं. बस सुटली, किल्ला दिसेनासा झाला, तरी त्यांनी फोन कानापासून काढला नव्हता.