कुळथाच्या पिठातली पाखरं

शेजारच्या काकी कुणाकडेही गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरत आणि न विचारता डब्यांची झाकणं उघडून वास घेत. चारकोपच्या आमच्या सोसायटीत याचा सगळ्यांनाच राग यायचा, आणि धान्याला कीड लागली की बोलावणंही त्यांनाच जायचं.

माझ्या स्वयंपाकघरात करडी पाखरं उडू लागली तेव्हा मी फडकं घेऊन त्यांच्यामागे धावत होते. काकींनी ते दारातूनच पाहिलं. "पाखरा मारून काय होतला? तेंचा घर शोध," म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. रवा, बेसन, डाळी सगळं ओट्यावर उतरवलं. झाकणांच्या आट्यांतली, फळीवरच्या कागदाखालची चिकट जाळी नखाने खरवडून काढली. ज्यात अळ्या दिसल्या ते सरळ फेकलं. माझी हळहळ त्यांच्या गावीही नव्हती.

शेवटी त्यांचा हात वरच्या फळीवरच्या डब्याकडे गेला. तो नको, म्हटलं मी. त्यात आईने गावाहून पाठवलेलं कुळथाचं पीठ होतं, तिच्या हातचं शेवटचं. ती गेल्यापासून मी डबा उघडलाच नव्हता. काकींनी उघडला. पिठाची जाळ्यांनी गुठळी झाली होती आणि त्यातून एक पाखरू आमच्या तोंडावरून उडालं.

मी डबा धरून बसले. चाळून थोडं तरी ठेवू या, म्हणाले. काकी शेजारी टेकल्या.

"गो बाय, आवशीन तुका खावक दिल्यान, पुजूक नाय."

मी रडले, त्यांनी रडू दिलं. मग आई कुळीथ कसे भाजायची, दळताना त्यात आणखी काय घालायची, ते विचारत राहिल्या. पीठ त्यांनीच खाली नेऊन टाकलं आणि डबा लख्ख घासून उन्हात ठेवला. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी कुळीथ भाजले. घरभर आईच्या स्वयंपाकघराचा वास सुटला होता.

गुडघ्यांनी दगा दिला तशा काकी चौथा मजला सोडून गावी राहायला गेल्या. त्यांच्यासारखं दुसऱ्याच्या घरात हक्काने शिरणं मला काही जमलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्या कुळथाचं पीठ पाठवतात. पिशवी हातात आली की वाटतं, यातलं थोडं ठेवावं, काकींचं वय झालंय. मग मी मुकाट्याने त्याची भातावर घ्यायची पिठी करायला घेते.

फोनवर त्या आधी तब्येत विचारत नाहीत. "पीठ संपला काय?" हेच विचारतात. मी संपलं म्हणते.

"मगे दुसरा धाडतंय," काकी म्हणतात, आणि माझा जीव भांड्यात पडतो.