पोरगी शहाणी असल्याचा दाखला

बुद्धी ही माणसाला मिळालेली सर्वश्रेष्ठ देणगी असून तिच्यामुळेच तो इतर प्राण्यांहून वेगळा ठरतो. हे वाक्य मी शिक्षक होण्याच्या परीक्षेत लिहिलं होतं. पुढे फरकही सांगितले होते: बुद्धी जन्मजात, हुशारी कमावलेली, शहाणपण अनुभवातून येणारं. दहापैकी आठ गुण पडले. परीक्षक कधी भेटला असता तर कापलेल्या दोन गुणांबद्दल मी त्याचे आभार मानले असते.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरता सरता माझी नेमणूक बेलापूर पट्टीतल्या एका खाडीकाठच्या गावी झाली. आता तिथे सोसायट्या आहेत. तेव्हा मिठागरं होती, भातखाचरं होती आणि भरतीचं पाणी खाचरांत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबच लांब बांध होता. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक मी एकटा, वर्ग देवळाच्या पडवीत. पुढे शिकायचं तर पनवेल गाठायचं.

चौथीत एक मुलगी होती. अकरा वर्षांची, सावळी, हजेरी घेताना दुसऱ्यांच्या गैरहजेरीची कारणं परस्पर सांगणारी. परीक्षेला महिना राहिला तेव्हा तिचे वडील शाळेत आले. पनवेलला त्यांची मेव्हणी राहत होती. ती एका पोराला ठेवून घ्यायला तयार होती, दोघांना नाही. मुलगी चौथीत, धाकटा मुलगा तिसरीत.

"गुरजी, पोरीला बुद्दी हाय का नाय, येवढं सांगा. तुमी सांगाल तसं करीन."

अशा वेळी साध्या माणसाने "आहे" म्हटलं असतं. मी म्हणालो, "पाहून सांगतो."

माझ्याकडे ट्रेनिंग कॉलेजातून आणलेली बुद्धिमापनाची पुस्तिका होती. तीस प्रश्न, मागे उत्तरं, आणि सूचना: मुलाने उलट प्रश्न विचारल्यास गुण देऊ नये. मधल्या सुट्टीत मी तिला समोर बसवलं.

"नाव बुडायला लागली तर प्रथम काय करशील?"

"आज तिथी कंची?"

"तिथीचा काय संबंध?"

"असं काय करता गुरजी! तिथीची पाऊनपट केली का भरतीची येल कलते. ओहोट असंल तं उभं र्‍हायाचं, पानी कमरंइतकंच. भरती असंल तं पवायचं."

पुस्तिकेतलं उत्तर होतं: मदतीसाठी ओरडेन.

"ओरडणार नाहीस?"

"कोनाला? समदे नावंतच हायत."

मी शून्य दिलं. त्या गावात खाडीबद्दल काहीही विचारलं की माणूस आधी तिथी विचारी. न विचारता उत्तर देणाऱ्याला बायासुद्धा हसत. हे मला माहीत होतं. पुस्तिका छापणाऱ्यांना नव्हतं, आणि छापलेलं होतं ते त्यांचं. तीस प्रश्नांत तिने सतरा उलट प्रश्न विचारले. बेरीज केली तेव्हा ती 'सामान्याहून कमी' या रकान्यात बसली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि तिला कमीही लेखायचं नव्हतं, म्हणून मी माझ्या परीक्षेतलं, बुद्धी आणि शहाणपणातल्या फरकाचं उत्तर बाहेर काढलं. म्हणालो, "पुस्तकी बुद्धी बेताची आहे. पण मुलगी शहाणी आहे. असं शहाणपण मोठ्यांतही सापडत नाही."

वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी बायकोला हाक मारली. "आयकलंस का? गुरजी बोलतान पोरगी शहानी हाय." मग माझ्याकडे वळून, सुटकेने म्हणाले, "मंग तिला शाला कशाला पायजे?"

मी काहीतरी बोलू लागलो.

"नाय, खरं हाय तुमचं. धाकला बांधावरून चालतो तं दोनदा पडतो. जालं टाकाया सांगितलं तं सोताच गुततो. चौथी झाली का त्यालाच धाडतो. शिकंल तं काय तरी व्हईल त्याचं."

तेव्हा मला कळलं की गावातून आजवर पनवेलला गेलेली सगळी मुलं अशीच निवडलेली होती. ज्याला काम जमत नाही त्याला शाळा. ज्याला जमतं त्याला शाळेत घालणं म्हणजे हातचं घालवणं. विचारात कुठे खोट नव्हती. खोट काढायची तर मला माझ्या शब्दांतली काढावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी ती काढायला गेलो. म्हणालो, बुद्धीही आहे, माझी मोजण्यात चूक झाली. ते प्रेमाने हसले. "गुरजी, तुमाला पोरीचा लोभ हाय, म्हून बोलता. काल बोललात तेच खरं." आई म्हणाली, "शिकलेला मानूस रोज शबूद फिरवाया लागला तं कसं व्हायचं?"

चौथीच्या परीक्षेत ती पहिली आली. निकाल ऐकून म्हणाली, "मंग आता मी जानार ना पनवेलला?"

मी निकालाच्या कागदाची घडी घालू लागलो. तिने पाटी दप्तरात घातली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या मुलीने प्रश्न विचारायचा सोडलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. नंतर ती दिसायची ती बांधावर, डोक्यावर टोपली. मी दिसलो की पदर सारखा करी आणि बाजूने जाई.

तिसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाकडच्यांनी फारशी चौकशी केली नाही, असं वडील अभिमानाने सांगत होते. "शालंच्या गुरजींनी सोता सांगितलं, पोरगी शहानी हाय," एवढं पुरे झालं होतं. सासर खाडीपलीकडे, मोठं, कामाचं घर. मांडवात ती मान खाली घालून बसली होती, आणि बायका म्हणत होत्या, बघा किती शहाणी.

मला पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर बसवलं. जेवण झाल्यावर वडिलांनी चारचौघांत उभं राहून मला नारळ दिला आणि डोक्यावर नवी टोपी घातली. टोपी दोन बोटं लहान होती.