बर्फावरचे बूट आणि बिरूआप्पा

समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहायचे, अशी बिरूआप्पांची सवय होती. आमच्या कचेरीच्या फाटकावर ते पहारेकरी होते आणि फाटकाच्या आत, भिंतीलगत, माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. एखादा पक्षकार लंगडत आला की आप्पा त्याला माझ्याकडे सोडण्याआधी बाकावर बसवीत. "अर्ज कुठं पळून जात नाय. आधी पाय दाखव."

आप्पा गंगापूरकडच्या धनगर कुटुंबातले. सांजेला एकेक मेंढी आडवी पाडून तिचे खूर तपासायचे, काटा-खडा काढायचा, मगच तिला आत सोडायचे, हे लहानपणी त्यांचे काम होते. पुढे ते फौजेत गेले आणि उंचावरच्या चौकीवर बर्फाची स्कूटर चालवू लागले. या वाहनाला पुढे घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असतो. निवृत्त होऊन फाटकावर आले तरी तपासणी सुटली नाही. ते म्हणत, "मेंढी बोलत नाय, मुन्शीजी, अन् माणूस खोटं बोलतंय. दोघांचं पायच बघावं लागत्यात."

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि या आवारात माझ्या मसुद्यावर वकीलही सहसा लेखणी फिरवीत नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो. त्यामुळे पहारेकऱ्याने मला काही शिकवावे, हे मला फारसे रुचत नसे.

माझी मुलगी वैशाली शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनांची चाचणी घेते. कारखान्याने तिला हिवाळ्यात दोन महिन्यांसाठी काश्मीरला पाठवायचे ठरवले. तेथे बर्फाच्या स्कूटरवर बसून तिला इंजिने तपासायची होती. तिची आई हयात नाही, घरात आम्ही दोघेच. ती आनंदात होती आणि माझी झोप उडाली होती. गारठ्याने माणसाची बोटे झडतात, एवढे मी वाचलेले होते. म्हणून शहरातल्या मोठ्या दुकानातून मी स्वतः निवडून तिच्यासाठी बूट आणले. जाड कातड्याचे, जडशीळ, पायाला अगदी घट्ट बसणारे. उणे चाळीस अंशांपर्यंत ऊब राहील, असे खोक्यावर छापलेले होते. तो मजकूर मी दोनदा वाचला, तेव्हा कुठे जीव जरा भांड्यात पडला.

मी ते फाटकावर दाखवायला नेले, तेव्हा आप्पांनी एक बूट हातात तोलला. "हा बूट हाय का उखळ?"

"आप्पा, खोक्यावर स्पष्ट लिहिले आहे."

"लिवणाऱ्यानं बर्फात बसून लिवलं, का खुर्चीत बसून?"

हा टोला मला लागला. ज्याचा उभा जन्म लेखी मजकुरावर गेला, त्याला हे ऐकवायचे? दोन दिवस मी त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ते आपणहून टेबलापाशी आले. "माझ्यावर रुसा, पण पोरीला घेऊन बर्फाच्या कारखान्यात या. बूटबी आणा." तिच्या जाण्याला चार दिवस उरले होते. मी निमूटपणे गेलो.

बाहेर दुपारच्या उन्हाने सदरा अंगाला चिकटत होता आणि आत बर्फाच्या लाद्या धुरकटत होत्या. आप्पांनी एका लादीवर पोते टाकून वैशालीला स्कूटरवर बसतात तशी बसवली आणि बुटांचे पाय बर्फावर ठेवायला लावले. "हलायचं नाय. चालणाऱ्याचा पाय आपला आपण गरम व्हतो. स्कूटरवाल्याचा पाय नुसता पडून असतो. तिथली थंडी हिची आजी हाय, ही तर नात."

अर्ध्या तासाने त्यांनी विचारले, "कसं वाटतंय?"

"छान! पप्पांनी निवडलेत ना."

आप्पांनी तिचा बूट आणि मोजा काढला. तिला डोळे मिटायला सांगितले. माझ्या खिशातले पेन घेऊन त्याचे बोथट टोक तिच्या करंगळीवर दाबले. "सांग, कोणतं बोट?"

वैशाली डोळे मिटून वाट पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "आप्पा, लावा ना आता."

पेन केव्हाचे करंगळीवर दाबलेले होते. आप्पांनी झटकन सदरा वर केला आणि तिचा गार पाय स्वतःच्या पोटाशी धरला. "चोळू नका, मुन्शीजी. ऊब द्या नुसती." पायात जीव आला तशी ती कळवळली. मग आप्पांनी आपला डावा बूट काढून दाखवला. त्या पायाला तीनच बोटे होती. "घट्ट बूट, त्यात दोन मोजे कोंबलेले. मलाबी छानच वाटत हुतं."

त्याच दिवशी आम्ही छावणीच्या बाजारात गेलो. आप्पांनी तासभर बूट उलटेपालटे केले. अखेर एक जोड काढला. खाली रबर, वर जाड कापड, आत काढता येणारे लोकरी अस्तर आणि हाताला हलका. "स्कूटर रुतली की खाली उतरून ढकलावी लागती. जड बुटानं घाम फुटतो, अन् घामाचाच बर्फ व्हतो." जाड मोजा घालून त्यांनी वैशालीला उभे केले. "बोटं नाचली पायजेत, टाच नाय." दुसऱ्या अस्तराचीही एक जोडी घ्यायला लावली, म्हणजे एक वाळत असताना दुसरे घालता येईल. पुन्हा बर्फाची लादी, पुन्हा अर्धा तास, पुन्हा मिटलेले डोळे. या वेळी ती ओरडली, "पप्पा, हे करंगळीला भोसकतायत!" इतके गोड गाऱ्हाणे मी आजवर कागदावर उतरवलेले नाही.

वैशाली गेली. रोज संध्याकाळी काम आटोपून खोलीवर आली की ती माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करी आणि आप्पा म्हणत, "तोंड ऱ्हाऊ दे, पाय दाखव." मग दहा बोटे मोठ्याने मोजीत. एके दिवशी तिकडचे नेटवर्क गेले. आम्ही दोघे फाटकाशी उभे राहिलो. मी धीर देणारी वाक्ये मनात जुळवीत होतो. तिचा फोन लागेपर्यंत आप्पा घरी गेले नाहीत.

तिच्या मुक्कामाचे बारा दिवस उरले असताना, एका सकाळी आप्पा फाटकाजवळच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या गावी मातीला जाऊन मी संध्याकाळी परतलो. कचेरी बंद झाली होती. मी त्याच बाकावर टेकलो आणि वैशालीचा फोन वाजला.

सवयीप्रमाणे तिने पाय पुढे केले. मी मोजू लागलो. सहाव्या बोटापाशी मोजणी चुकली, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली. दहा भरली.

"आज तुम्ही का मोजताय, पप्पा? आप्पा कुठंयत?"

मी म्हणालो, "आधी मोजे घाल. मग सांगतो."