कोऱ्या फॉर्मवरची गाडी

आमच्याकडे जुनी गाडी घ्यायची एक रीत आहे. पैसे द्यायचे, विकणाऱ्याची सही असलेला कोरा फॉर्म घ्यायचा, पेढे वाटायचे आणि तो फॉर्म कपाटात ठेवून द्यायचा. नाव बदलायची फी भरायला, यवतमाळला आरटीओच्या चकरा मारायला कोणी मोकळं नसतं. पुढचं गिऱ्हाईक आलं की त्याच फॉर्मवर त्याचं नाव घालायचं. फी चुकवली म्हणून कोणाला लाज वाटत नाही, उलट हुशारी वाटते.

आमची पांढरी गाडीही अशीच आली, तीन घरं सोडून राहणाऱ्या काकांकडून. त्यांना मोतीबिंदू झाला, गाडी चालवणं बंद झालं. माझ्या नवऱ्याने ती घेतली. नावावर कधी करता, असं मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तोवर बायकांच्या खात्यात दर महिन्याला येणारे सरकारी पैसे सुरू झाले होते. घरात चारचाकी असली तर ते मिळत नाहीत. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या बायकांचे अर्ज मीच भरले, माझाही भरला, आणि चारचाकीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. कागदावर ते खरंच होतं, अशी मी माझी समजूत घातली.

काकूंचा अर्जही मीच भरला होता. पैसे आले तेव्हा त्यांनी काकांना न विचारता स्वतःच्या पसंतीच्या चपला घेतल्या. साठी गाठेपर्यंत या बाईने नवऱ्याने आणलेलीच चप्पल घातली होती. मला बोलावून मुद्दाम दाखवल्या.

मग एक दिवस तालुक्यावरून यादी आली. ज्यांच्या घरात चारचाकी आहे त्या बायकांची नावं, पुढे गाडीचा नंबर. सेविकेने घरी जाऊन खात्री करायची आणि बाईची सही आणायची. यादीत काकूंचं नाव होतं. त्यापुढचा नंबर मी रोज सकाळी अंगण झाडताना पाहत होते.

संध्याकाळी नवऱ्यापुढे यादी धरली. "उद्याच्या उद्या गाडी नावावर करा."

"कराले काय लागते? फी भरा, उशिराचा दंड भरा, इन्शुरन्स काढा," तो म्हणाला. "अन् झाली माह्या नावावर, की तुह्ये पैसे बंद. वरून इचारतीन, सेविकेनंच खोटं कसं लिवलं? इचार कर तू."

मी विचार केला. म्हणजे काय केलं, तर भ्याले. अंगणवाडीचं काम गेलं तर मला दुसरं येतं काय? नवऱ्याचा रागही आला, पण दर महिन्याचे पैसे मीही निमूटपणे उचलले होतेच. कोणत्या तोंडाने भांडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडे गेले.

"काहून वं, उन्हाची हिंडून राह्यली? बस, च्या ठेवतो."

फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कोणाच्या नावावर चारचाकी आहे का. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. ‘गाडी विकलेली आहे, सध्या माझ्या नवऱ्याकडे आहे’, एवढं त्या दोन ओळींत सहज मावलं असतं. मी ‘होय’वर खूण केली आणि शेरा कोरा ठेवला.

"कायचा कागद हाये?"

"काही नाही काकू, तपासणी आहे."

त्यांनी वाचला नाही. "तू लिवलं त मी कायले वाचू?" म्हणत सही केली आणि कपात साखर घालायला वळल्या. चहा मी संपवला. न पिऊन उठले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं.

दोन महिन्यांनी त्यांचे पैसे थांबले. त्या माझ्याकडेच आल्या. दुसऱ्या कोणाकडे जाणार? "एक अर्ज लिवून दे ना वं. लिव, की आमच्या घरी कोणतीच गाडी नाही. व्हती ते कवाच इकली." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. एक शब्दही खोडला नाही.

"तूही चाल संगं दारव्ह्याले, तालुक्याच्या हापिसात," त्या म्हणाल्या, "मले त्या साहेबाशी बोलता येत नाही." अर्ज घेऊन मी निघाले. स्टॉपवर गेलो तर एसटी निघून गेलेली. तेवढ्यात मागून नवरा गाडी घेऊन आला. "बसा काकू, मी दारव्ह्यालेच चाललो." काही घडलंच नसल्यासारखा त्याचा चेहरा. त्या पुढे बसल्या, मी मागे.

"चांगली ठेवली वं गाडी," मागे वळून त्या मला म्हणाल्या. "नावावर करून घेतली ना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, तो रस्त्याकडे पाहत राहिला. अर्ज माझ्या मांडीवर होता. दारव्ह्याला पोचल्यावर तिथला बाबू यादी काढणार होता आणि काकूंच्या नावापुढचा नंबर मोठ्याने वाचणार होता. तो नंबर काकूंना पाठ होता.