न ऐकणारी शिकवणी

किल्लीवाल्याच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. एरवी चार घरं पलीकडे ऐकू जाईल असा तिचा आवाज. आता ती नुसते ओठ हलवायची आणि वैतागून भिंतीकडे तोंड फिरवायची.

परगावी राहणाऱ्या लेकीने फोनमधल्या एका ॲपवर बोलायला शिकवणारी शिकवणी लावून दिली, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. पहिल्या दिवशी एक खरीखुरी बाई पडद्यावर येऊन गोड बोलली. नंतर नुसता तिचा रेकॉर्ड केलेला आवाज.

"म्हणा, पाणी."

बायकोच्या घशातून घरघर निघाली.

"वा! किती छान म्हणालात!"

किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला खुणेने गप्प बसवलं आणि फोन तिपाईवर ठेवला.

"म्हणा, पाणी."

खोलीत फक्त पंखा कुरकुरला.

"वा! किती छान म्हणालात!"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे त्याने ऐकले होते. हे जिवंत माणसाच्या जिभेवरचं खात होते!

त्याने पैसे परत मागितले. उत्तर आलं, "तुमच्या भावना आम्ही समजतो." पुन्हा मागितले; पुन्हा तेच. शेवटी त्या ॲपवाल्यांच्या एका पोराचा फोन आला.

"काका, आणखी तीन महिने फुकट देतो."

"फुकट खोटं बोलणार? लाज कशी वाटत नाही रे?"

"पण मॅडमची प्रगती ऐंशी टक्के दिसतेय आमच्याकडे."

"असं? मग तिच्याशीच बोल."

त्याने फोन बायकोसमोर धरला.

"नमस्कार मॅडम! कशा आहात?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. मान ताठ झाली. आणि झटक्यानंतरचा पहिला स्वच्छ शब्द तिच्या तोंडातून निघाला.

"शी!"

मग पोरगा हळूच म्हणाला, "पैसे परत करतो, काका."

पैसे आले, तेही 'सेवाशुल्क' कापून. किल्लीवाल्याने ते ॲप काढून टाकलं आणि फोन ओल्या फडक्याने दोनदा पुसला, तरी त्याला तो हातात धरवेना.

आता दवाखान्यातली एक रोखठोक बाई आठवड्यातून एकदा घरी येते. "चुकलं. परत म्हणा," म्हणते. बायको तिच्यावर डोळे वटारते, बोट नाचवते आणि परत म्हणते.