पाळण्याभोवतीची वाटणी

शेजारच्यांच्या नातीचं काल बारसं होतं. नाव ठेवून झालं आणि बायका पाळण्यावर ओणवून वाटणी करू लागल्या. नाक आजोबांचं, कपाळ बापाचं, रंग थेट आत्याचा. बाळंतीण हसून म्हणाली, "आणि माझं काहीच नाही का हो?"

"असेल की, कळेल हळूहळू," तिच्या सासूबाई म्हणाल्या.

कळतं खरंच. माझा अमेय जन्मापासून बहिरा आहे हे समजलं, त्या दिवशीही त्याचे घारे डोळे माझ्या सासरचेच राहिले, कान तेवढे माहेरचे झाले. डॉक्टरांनी समजावलं होतं, की या प्रकारात सदोष जनुक आईबाप दोघांकडून यावं लागतं. नवऱ्याने तिथे मान डोलावली आणि घरी आल्यावर आईसमोर तोंड उघडलं नाही.

पेशी जनुकांची नक्कल उतरवून घेते तेव्हा कधीतरी एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत राहते. बहुतेक चुका वाया जातात, थोड्या कामी येतात. त्यांच्याच जोरावर माशापासून माणसापर्यंत आलो आपण. घारे डोळे हीसुद्धा तसलीच एक जुनी चूक. पण तिचं कौतुक होतं, तिला घराणं मिळतं.

पाळण्यातली मुलगी शिंकली, मग पुन्हा शिंकली.

"अगं बाई, सर्दी मात्र आईची घेतलीय हं!" बाळंतिणीच्या सासूबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. बाळंतीणही हसली. काहीतरी आपलं निघालं, याचाच तिला आनंद झाला होता.