तिसऱ्या अंकातली प्लेट

"पुन्हा एकदा उचल ना ती प्लेट. मला नीट बघू दे."

मॅडम असं म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. माझ्या हातात माझीच खरकटी प्लेट होती. तिला लाल रस्सा लागलेला, कडेला काटा. टेबलाभोवती आठ-नऊ माणसं. कोणी हसत होतं, कोणी हसू दाबत होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

मी झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली नटी. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या गावोगाव नाटकं घेऊन निघतात. होळीपर्यंत आमचा हंगाम. बाकीचं वर्ष लोकांच्या धानात रोवणी आणि कापणी. घरी म्हातारी आई आणि शाळेतली पोरगी. बारा वर्षं मी मंचावर उभी आहे, आणि तिथं उभी असते तेव्हाच मला माझी मान ताठ आहे असं वाटतं.

त्या साली चंद्रपुरात बाहेरून एक दिग्दर्शक आले. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचं नाटक आमच्याकडच्या एका शेतमजूर बाईचं होतं. ती बाई तूच करायची, असं सर मला म्हणाले. मी वडशाची कंपनी सोडली. आमच्या कंपनीचे मालक, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांनी विचारलं होतं, "सोडून जाऊन राह्यली खरी, पण उद्या त्यायनं तुले ठेवलं नाई तं?" मी हसले होते. शिकलेली माणसं आहेत, शब्द फिरवणार नाहीत, असं वाटलं. माझ्या जागी भाऊंनी दुसरी घेतली.

महिनाभर तालमी झाल्या. मॅडम रोज येत. त्या टीव्हीवर दिसणाऱ्या नटी. कोपऱ्यात बसून मी कशी वाकते, कशी बोलते, ते वहीत लिहून घेत. विचारतील ते मी सांगत गेले, वर कौतुकानं करून दाखवलं. त्या वहीत मी स्वतःच्या हातानं स्वतःची जागा देत होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नाट्यगृहासमोरच ते इटालियन हॉटेल. मोठमोठ्या शहरांत त्याच्या शाखा आहेत म्हणतात. तालमीला येता-जाता मी काचेतून बघायची. लाल-पांढऱ्या चौकड्यांची टेबलं, भिंतीवर परदेशातल्या गावांचे फोटो. एके दुपारी सरांनी सगळ्यांना तिथं जेवायला नेलं. मी ठेवणीतली साडी नेसले. वाटलं, आज सगळ्यांसमोर सर माझं नाव घेतील.

जाड शेवयांसारखं काहीतरी आलं, टोमॅटोच्या चटणीत घोळलेलं. तिखटाचा पत्ता नाही. काट्यावरून ते घसरे. बाकीचे कसे खातात ते बघून मी खात होते. तेवढ्यात सर म्हणाले की दौरा मोठा आहे, दौऱ्याला नाव लागतं, म्हणून ती बाई मॅडम करतील. माझ्याकडे वळून म्हणाले, तू त्यांची बोली बघ, तूच त्यांची गुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हणाले, "हो सर."

हो म्हणाले. खोटं कशाला लिहू? वडशाच्या कंपनीची वाट बंद झाली होती. एवढंही हातचं गेलं तर घरी काय तोंड दाखवू, हा एकच विचार होता. त्या नादात प्लेट रिकामी केली. अन्न टाकायची सवय नाही. मग उठले, पदर खोचला, प्लेट उचलली आणि वाढणाऱ्या माणसाला विचारलं, "भाऊ, नळ कुठी आहे?"

तो गोंधळला.  टेबलाभोवती हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "हेच. तिसऱ्या अंकात मला हेच हवं होतं." आणि मॅडमनी मोबाइल काढला.

माझा हात का उठला, ते मला माहीत होतं. तिथं ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

माझा बाप दंडारीत राजा व्हायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचं जुनं गावनाटक. मी सात-आठ वर्षांची असेन. एका गावात दंडार झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या मोठ्या घरी नटांना जेवण होतं. बाकीचे ओसरीवर बसले. आम्ही बौद्ध, म्हणून मला आणि बापाला गोठ्याजवळ वाढलं. भात आणि लाखोळीची डाळ. जेवण झाल्यावर बाकीच्यांची ताटं तिथंच राहिली. आमच्याकडे बघून घरची बाई म्हणाली, "तुमचे ताटं तुम्ही धुवून गोठ्यात पालथे ठेवा." आदल्या दिवशी याच बाईनं राजाला बघून हात जोडले होते. राजा उकिडवा बसला. राखेनं आपलं ताट घासलं, मग माझं घासलं. माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाला, "चाल बेटा, उशीर होऊन राह्यला."

तेव्हापासून परक्या घरी जेवले की माझा हात आपोआप उठतो. कोणाला सांगावं लागत नाही. असं ते माझ्या हाडात शिरलं होतं. आणि आता ती लाज यांना हवी होती. तालमीसाठी. नीट, पुन्हा एकदा, मोबाइलसमोर.

"अगं उचल ना," मॅडम म्हणाल्या. "तू मघाशी पदर खोचलास, तोही दाखव."

मी प्लेट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांच्या अर्ध्या खाल्लेल्या प्लेटीवर. काटा खाली पडला.

"माह्या बापानं उचललं, मॅडम. मी उचललं. हे शिकवाची गोष्ट नाई. तुम्हाले पायजे तं तुम्ही उचला, नळावर जा, घासा. मी इथी बसून पाहीन."

मी माझी पिशवी उचलली. सर हळूच म्हणाले की असं भावनेच्या भरात काम सोडू नये, कलावंतानं सगळं द्यायचं असतं. मी म्हणाले, "सगळंच तं घेतलं, सर." आणि निघाले. फार शूर वगैरे वाटलं नाही. ब्रह्मपुरीपर्यंत बसमध्ये रडत होते. शेजारची बाई विचारत होती, काऊन रडून राह्यली, कोणी गेलं का. 

वडशात भाऊंनी हात वर केले. सगळी कामं वाटून झाली होती. तो हिवाळा मी मळणीवर काढला. दुसऱ्या कंपनीचा मंडप गावात उभा राहिला तेव्हा पोरीनं विचारलं, आई, तू कधी येणार मंचावर? मी तिच्यावर उगाच खेकसले.

ते नाटक चंद्रपुरात झालं. तालमीतल्या एकानं फोनवर सांगितलं, तिसऱ्या अंकात मॅडम पदर खोचून ताट उचलतात, नळ कुठी आहे विचारतात, आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणतं. म्हणजे त्यांनी ते घेतलंच. मी नाही म्हणाले म्हणून काय झालं? एकदा बघितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

म्हणून आता मी माझं नाटक लिहिते आहे. दहावीपर्यंत शिकलेल्या हातानं, पोरीच्या जुन्या वहीत. त्यात राजा आहे, गोठा आहे, त्याची पोरगी आहे. घरची बाई म्हणते, ताट धुवून ठेवा. पोरगी बापाचा हात धरते आणि दोघं उठून निघून जातात. ताटं तिथंच राहतात, खरकटी, माश्या बसलेली, पडदा पडेपर्यंत. कंपनीनं घेतलं तर मंचावर करीन. नाही घेतलं तर त्याच गावात, त्याच घरासमोर, रस्त्यावर करीन. टाळी मिळो न मिळो, ती ताटं मी उचलणार नाही.